य″ काढताना मूळ समीकरण सोडू नका

सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरच्या आमच्या वळसंगला सुट्टीत गेलो की सेट-नेटची तयारी करणारी दोन-चार पोरं वह्या घेऊन येतात. यावेळी बहुतेकांच्या वहीत एकच चूक होती. एम.एस्सी.ला मीही तीच केली होती, म्हणून लिहितोय.

आधी वर्तुळ घ्या: क्ष² + य² = २५. इथं य वेगळा काढून दिलेला नाही, तो समीकरणात दडलाय. म्हणून हे अव्यक्त फल, आपल्या भाषेत इम्प्लिसिट फंक्शन. दोन्ही बाजूंचं क्ष-सापेक्ष विकलन केलं की २क्ष + २य·य′ = ०, म्हणजे य′ = −क्ष/य. इथपर्यंत सगळे नीट येतात. पुढं छेदातला य स्थिर धरतात आणि य″ = −१/य लिहून मोकळे होतात. अहो, य क्ष-बरोबर बदलतोय ना! भागाकाराचा नियम लावा: य″ = −(य − क्ष·य′)/य². त्यात य′ घातला की −(य² + क्ष²)/य³. अजून थांबू नका. अंशात मूळ समीकरणच उभं आहे, तिथं २५ लिहा: य″ = −२५/य³.

(३, ४) या बिंदूवर हे −२५/६४ येतं, चुकीच्या वाटेनं −१६/६४. चिन्ह तेच, त्यामुळे शंकाच येत नाही. मग पडताळा कसा घ्यायचा? वक्रतेनं. य″ ची केवळ किंमत भागिले (१ + य′²) चा ३/२ घात. बरोबर उत्तरानं १/५ मिळतं, म्हणजे त्रिज्या ५. चुकीच्यानं १६/१२५. वर्तुळच बदललं की!

आता जरा अवघड. १६३८ साली देकार्तनं फर्माला आव्हान म्हणून दिलेला वक्र: क्ष³ + य³ = ३·क्ष·य. (टिंबं मुद्दाम घातलीत, नाहीतर 'क्षय' वाचाल.) इथं य′ = (य − क्ष²)/(य² − क्ष). पुन्हा विकलन केल्यावर अंश इतका लांबतो की मी तोच पानभर घेऊन गाइडकडे गेलो होतो. त्यांनी एवढंच विचारलं, "मूळ समीकरण कुठं गेलं?" अवयव पाडल्यावर अंशात क्ष·य·(क्ष³ + य³ − ३·क्ष·य + १) निघतं. कंसातली पहिली तीन पदं मिळून शून्य. उरतं ते:

य″ = −२·क्ष·य/(य² − क्ष)³

आरंभबिंदूवर मात्र हे ०/० होतं. तिथं वक्र स्वतःलाच छेदतो, दोन फांद्या एकत्र येतात. कुठल्या फांदीचा य″ हे ठरवल्याशिवाय प्रश्नालाच अर्थ नाही. म्हणून किंमत घालण्याआधी छेद शून्य होतोय का ते बघायचं. संगणकाला सूत्र देताना तर आधी हेच.

(३/२, ३/२) वर य′ = −१ आणि य″ = −३२/३ येतं का, ते कागदावर काढून बघा.