गोष्ट ऐकली म्हणजे बोलणं आलं?

‘पोरगं बोलत नाही ना, मग त्याले एआयची गोष्ट लावून दे. ऐकून ऐकून शिकते.’ नागपूरच्या कळमन्यात हा सल्ला संत्र्याचा भाव सांगावा इतक्या सहज दिला जातो. सोय आहे, मान्य. पहाटेच मार्केट यार्डात जावं लागणाऱ्या घरात मोबाईल हाताशी असतो, आणि आता तो मुलाचं नाव गुंफून नवी गोष्ट रचतो, चित्रं काढतो, वाचूनही दाखवतो. पण दीड-दोन वर्षांचं मूल एवढ्यानं बोलू लागत नाही. किती वेळा सांगायचं?

अमेरिकेत संशोधक पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन चिनी ऐकवली. काहींसमोर माणसं बसून बोलली, काहींना तीच माणसं टीव्हीवर दाखवली. १२ बैठकांनंतर पहिल्या गटाला त्या भाषेतल्या ध्वनींमधला फरक कळू लागला. टीव्हीवाली बाळं होती तिथंच राहिली. हा अभ्यास २००३चा. मग आजीचा व्हिडिओ कॉल? तो चालतो. २०१४च्या एका प्रयोगात दोन-अडीच वर्षांची मुलं थेट व्हिडिओ कॉलवरून नवी क्रियापदं शिकली, रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून शिकली नाहीत. कॉलवरचा माणूस मुलाकडे बघून थांबतो, हसतो, उत्तर देतो.

‘पण एआयही उत्तर देते!’ देते. संशोधक यिंग शू यांच्या प्रयोगांत गोष्टीच्या मध्येमध्ये प्रश्न विचारणाऱ्या यंत्रामुळे तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गोष्ट अधिक समजली. मात्र ती मुलं आधीच बोलणारी होती. ‘पापा’ म्हणजे पाणी हे आईला कळतं. लहानांचे बोबडे उच्चार ओळखताना यंत्र अजून अडखळतं, त्यात घरची बोली ‘मले-तुले’ची.

म्हणून एआयकडून गोष्ट खुशाल घ्या, मिरचीच्या पोत्यात शिरलेल्या उंदराची घ्या. मग मोबाईल बाजूला ठेवून तुम्ही सांगा. ‘उंदीर कुठं लपला?’ विचारा आणि गप्प बसा; मुलाला वेळ लागतो, आपल्यालाच धीर नसतो. ते ‘पोतं’ म्हणालं की म्हणा, ‘हो, लाल मिरचीचं पोतं!’ तयार गोष्टी हव्या असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठीत फुकट मिळतात.

उशिरा बोलण्याबद्दलच्या आणखी काही समजुती. घरात मराठी, बाजारात हिंदी, म्हणून मूल उशिरा बोलतं? नाही. जीभ चिकटलेली आहे? त्यानं एखादा उच्चार अडेल, शब्द अडत नाहीत. मुलगे उशिराच बोलतात? थोडासाच फरक असतो, वर्षभर वाट बघण्याइतका नाही. ‘शैक्षणिक’ व्हिडिओ कितीही चालतो? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार वर्षाच्या मुलाला पडदा नकोच, दोन वर्षांच्याला दिवसाला फार तर एक तास.

दोन वर्षं झाली तरी मूल दोन शब्द जोडत नसेल, तर आधी त्याचे कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, तपासणी मोफत असते. पुढची फेरी कधी आहे, ते अंगणवाडी ताईंना विचारा.