देवाच्या नावांचे अर्थ

बंगळूरच्या पूर्वेस व्हाइटफील्ड नावाचे उपनगर आहे. 1882 साली म्हैसूरचे महाराज चामराज वडियार यांनी अँग्लो-इंडियन लोकांना येथे वसाहतीसाठी जमीन दिली. आज तेथे संगणक-उद्योगाच्या उत्तुंग इमारती उभ्या आहेत. देवळे व चर्चही आहेत. देवळाच्या पायरीवर माथा टेकणारी कन्नड गृहिणी ज्याला ‘देवरु’ म्हणते, त्यालाच कन्नड ख्रिस्ती भाविकही ‘देवरु’ म्हणतो. शब्द एक, उपासना दोन.

वाचकहो, या शब्दाचा मूळ अर्थ काय बरे? ‘देव’ शब्दाचा संबंध ‘दिव्’ म्हणजे प्रकाशणे या धातूशी आहे. लॅटिन ‘देउस’ हा त्याचाच सगोत्र. ‘ईश्वर’ म्हणजे सत्ता चालविणारा, तर ‘ब्रह्म’ शब्दात वाढण्याचा, विस्तारण्याचा भाव आहे. अरबी ‘अल्लाह’ हे नाव एकमेव उपास्याचे. अरबी बोलणारे ख्रिस्ती लोकही ईश्वराला याच नावाने आळवितात. इस्लाममधील ‘रहमान’ या नावाचे मूळ आपल्या परिचयाच्या ‘रहम’ शब्दाचेच आहे, आणि अरबीत आईच्या गर्भाशयाचे नावही त्याच मुळापासून आले आहे. करुणेची याहून जवळची खूण कोणती असणार?

तथापि, केवळ शब्दाच्या बाह्यरूपावर विसंबणारा फसतो. ऋग्वेदात वरुणासारख्या देवतेस ‘असुर’ हे गौरवपद लाविले आहे. पुढे तोच शब्द दैत्यवाचक झाला. पारशी बांधवांच्या अवेस्तात मात्र त्याचेच रूप ‘अहुर’ हे परमेश्वराच्या, अहुर मझ्दच्या, नावात विराजमान आहे आणि ‘दएव’ म्हणजे दुष्ट शक्ती! शब्द तेच, मान-अपमानाची जागा तेवढी बदलली.

आपल्या मराठीतही असा एक प्रसंग आहे. 1579 साली गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तचरित्र मराठी ओवीत रचिले. 1616 मध्ये रोमन लिपीत छापल्या गेलेल्या त्या ‘ख्रिस्तपुराणा’त त्यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजिला. श्रोत्यांच्या मनात त्या शब्दाबरोबर विष्णूचे धाम उभे राही. परका शब्द घातला तर तो कोणास उमगावा? ओळखीचा घातला तर जुना अर्थ सोबत येणार! फादरांनी ही जोखीम पत्करली. कारण ज्यांना सांगावयाचे, त्यांच्याच बोलीत सांगणे त्यांना अगत्याचे वाटले.

उद्या आपले मूल विचारील, “शेजारच्या काकांचा देव निराळा का हो, बाबा?” तेव्हा उत्तराची घाई करू नये. मुलाचे बोट धरून काकांकडेच जावे आणि विचारावे, “आपल्या देवाच्या नावाचा अर्थ काय?” आपल्या नावाचा अर्थही तेव्हा सांगता आला पाहिजे, त्यासाठी तो आधी घरात शोधून ठेवावा, हे उत्तम.