हायब्रिड गाडीची चाल आणि कराचा अडसर

पेट्रोल इंजिनाची मूळ अडचण अशी की, ते वेगाच्या आणि भाराच्या एका ठरावीक पट्ट्यातच काटकसरीने चालते, आणि शहरातील रहदारी त्याला त्या पट्ट्यात फार वेळ टिकू देत नाही. शिवाय इंधन जाळून मिळवलेला वेग प्रत्येक सिग्नलला ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जातो. इंजिनाच्या जोडीला विद्युत मोटर देऊन ही गळती रोखणारी गाडी म्हणजे हायब्रिड. फर्डिनांड पोर्श यांनी 1900 च्या सुमारास अशी गाडी बनवली होती. मात्र पेट्रोल स्वस्त आणि बॅटरी अवजड असेपर्यंत तिची निकड कोणालाच भासली नाही.

ती डिसेंबर 1997 मध्ये जपानी बाजारात आलेल्या टोयोटा प्रियसने बाजारयोग्य केली. ताकेशी उचियामादा यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी तिच्यात इंजिन आणि दोन विद्युत यंत्रे एकाच ग्रहमालिका गिअरला, म्हणजे मधले दंतचक्र, त्याभोवती फिरणारी छोटी चक्रे आणि बाहेरचे दातेरी कडे यांच्या रचनेला जोडली; त्यामुळे इंजिनाची शक्ती थेट चाकांकडे किती आणि वीजनिर्मितीकडे किती जावी, याची वाटणी संगणक क्षणोक्षणी करू लागला आणि नेहमीच्या गिअरबॉक्सची गरजच उरली नाही. ब्रेक लावताच मोटर जनित्र बनून बॅटरी भरते, यालाच पुनर्जनन ब्रेकिंग म्हणतात. त्याहून चतुर भाग इंजिनाचा आहे: ॲटकिन्सन चक्रात वायूच्या प्रसरणाचा टप्पा संपीडनापेक्षा लांब असल्याने इंधन वाचते, पण कमी फेऱ्यांवर जोर घटतो, आणि नेमका तोच जोर मोटर पुरवते. एकाची उणीव दुसऱ्याने झाकल्यामुळेच बॅटरी लहान ठेवता आली, आणि ती गाडी चालता चालताच भरत असल्याने प्लगला जोडावीही लागत नाही.

भारतात मात्र यंत्रापेक्षा करानेच हायब्रिडचे भवितव्य ठरवले. 2008 मधील होंडा सिव्हिक हायब्रिड आणि 2010 मधील प्रियस मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरच राहिल्या. 2015 मध्ये आलेल्या मारुती सियाझच्या ‘माइल्ड’ हायब्रिडला केंद्रीय अनुदान मिळाले, वास्तविक तिची मोटर इंजिनाला हातभार लावण्यापलीकडे गाडी स्वबळावर हलवूही शकत नव्हती. हे अनुदान 2017 मध्ये थांबले, आणि त्याच वर्षी जीएसटीने मोठ्या हायब्रिडवर 28 टक्के कर व 15 टक्के उपकर लादला. इंधन वाचवणाऱ्या गाडीला चैनीच्या वस्तूंच्या पंक्तीत बसवणारे हे धोरण दूरदृष्टीचे म्हणता येणार नाही.

तरीही 2022 मध्ये टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड व्हिटारा कर्नाटकातील बिदडीच्या कारखान्यातून बाहेर पडल्या, लिटरला 27.97 किलोमीटरचा प्रमाणित आकडा त्यांच्या जाहिरातींत झळकला, आणि चार्जिंगची सोय नसलेल्या सोसायट्यांतील ग्राहकाला मधला मार्ग सापडला. सप्टेंबर 2025 च्या फेररचनेनंतरही अशा गाड्यांवर 40 टक्के, तर विजेच्या गाड्यांवर 5 टक्केच जीएसटी आहे. त्यामुळे ज्याचा रोजचा प्रवास गर्दीतून आणि भरपूर होतो, त्यानेच हायब्रिडची जादा किंमत मोजावी. द्रुतगती मार्गावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्याला ती वसूल व्हायला फार वर्षे लागतील.