पदवीआधीचे शब्द : मान्यता, संलग्नता, श्रेयांक

बारावीचा निकाल लागला की अमरावती-अकोल्याच्या आपल्या धर्मग्रामांतील पालकांच्या हाती महाविद्यालयांची माहितीपत्रके येतात. त्यांत ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द हमखास असतो. मान्यता कोणाची, हे मात्र क्वचितच स्पष्ट असते. म्हणून या शब्दांचा उलगडा येथे करीत आहोत.

नव्या महाविद्यालयास राज्य शासन प्रथम इरादापत्र व नंतर अंतिम परवानगी देते. त्यानंतर विद्यापीठ देते ती संलग्नता. वऱ्हाडात हे काम १९८३ साली नागपूर विद्यापीठातून वेगळ्या झालेल्या, आज संत गाडगेबाबांचे नाव धारण करणाऱ्या अमरावती विद्यापीठाचे. (कृषी पदव्या मात्र अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या.) संलग्नता अभ्यासक्रमागणिक मिळते. महाविद्यालयाच्या बी.ए.ला ती आहे म्हणून बी.एस्सी.लाही असेलच असे नाही. फसगत होते ती नेमकी येथे. ‘नॅक’चे मूल्यांकन हा संस्थेच्या गुणवत्तेचा दाखला, तो संलग्नतेची जागा घेऊ शकत नाही. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम व परीक्षा स्वतः ठरविते, पदवी मात्र विद्यापीठाचीच असते.

अभ्यासक्रमाचा मसुदा विषयाचे अभ्यास मंडळ करते, त्यास संमती विद्या परिषद देते. श्रेयांक, म्हणजेच क्रेडिट, हे अभ्यासाचे माप : व्याख्यानांचे १५ तास म्हणजे १ श्रेयांक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार ३ वर्षांच्या पदवीस किमान १२०, तर ४ वर्षांच्या ऑनर्स पदवीस १६० श्रेयांक लागतात.

प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी पालकांनी त्याच अभ्यासक्रमाचे, चालू वर्षाचे संलग्नतापत्र पाहावयास मागावे. ते मागण्यात संकोच कसला?