एकच संदेश, अनेक श्रोते; मग तो अडतो कुठे?

मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात २०१४ पूर्वी क्षणोक्षणीचे भाव प्रत्येक दलालाच्या संगणकाकडे स्वतंत्रपणे, एकापाठोपाठ एक धाडले जात. साहजिकच आधी जोडला गेलेल्यास भाव आधी कळण्याची शक्यता असे. 'सेबी'ने एप्रिल २०१९ च्या आदेशात नेमके यावरच बोट ठेवले होते. (त्यातील ६२४.८९ कोटी रुपयांच्या वसुलीचा भाग रोखे अपील न्यायाधिकरणाने जानेवारी २०२३ मध्ये रद्द केला, हा भाग वेगळा.) २०१४ मध्ये बाजाराने 'मल्टिकास्ट' पद्धत आणली.

मुंबईहून घनसावंगी, अंबड व परतूर या तीन तहसील कार्यालयांना एकच परिपत्रक धाडायचे आहे, असे समजा. तीन लखोटे पाठविण्याऐवजी एकच लखोटा जालन्यापर्यंत न्यावा व तेथे प्रती काढाव्यात, हे मल्टिकास्टचे तत्त्व होय. प्रती काढण्याचे काम वाटेतील राउटर व स्विच करतात. २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते त्यासाठी राखीव आहेत.

या पद्धतीत पोचपावती नसते. संदेश कोणाला मिळाला नाही, हे पाठविणाऱ्यास कळतच नाही. म्हणून दोषाचा शोध घेणाऱ्याच्या संगणकापासून सुरू करावा. लिनक्सवर 'नेटस्टॅट' आदेशाला 'जी' हा पर्याय जोडला, की संगणक कोणत्या गटाचा सभासद आहे आणि कोणत्या जाळेपट्टीवरून, ते दिसते. दोन पट्ट्या असलेल्या संगणकात सभासदत्व भलत्याच पट्टीवर नोंदले जाणे, हा नेहमीचा घोटाळा.

नोंद बरोबर असेल तर 'टीसीपीडम्प' चालवावा. मात्र मूळ प्रोग्राम सुरूच ठेवावा, कारण टीसीपीडम्प स्वतः गटात सामील होत नाही. संदेश येताना दिसतात, पण प्रोग्रामला मिळत नाहीत? मग फायरवॉल किंवा 'आरपी फिल्टर' तपासावा. पाठविणाऱ्याकडे परतीची वाट दुसऱ्या पट्टीवरून जात असेल, तर हा फिल्टर कडक स्थितीत आलेला संदेश निमूटपणे टाकून देतो.

सर्वांत फसवा दोष मात्र स्विचमध्ये असतो. प्रोग्राम सुरू करताच संदेश येतात आणि साधारण चार मिनिटांनी बंद पडतात. पुन्हा सुरू केला, की पुन्हा तेच. संगणकाचा यात काहीच दोष नसतो. कोणाला संदेश हवा, याची यादी स्विच ठेवतो, पण सभासदांना अधूनमधून विचारणारा 'क्वेरिअर' जाळ्यात नसेल, तर प्रमाण मांडणीत २६० सेकंदांनी नाव यादीतून उडते. राउटरवर किंवा स्विचवर क्वेरिअर सुरू केला, की प्रवाह टिकतो.

एका स्विचपुरते सारे सुरळीत, पण राउटरपलीकडे शुकशुकाट असेल, तर पाठविणाऱ्याकडील 'टीटीएल' पाहावा. मल्टिकास्टसाठी तो मुळात १ असतो. असा संदेश पहिला राउटरही ओलांडत नाही.