एवढीशी सुतळी, केवढी करामत!

एक काम करा. घरात सुतळी असेलच. तिचा वीतभर तुकडा घ्या आणि त्याचा पीळ उलटा फिरवून सोडवा. काय उरलं हातात? केसांसारखे भुरे भुरे तंतू! त्यातला एक ओढून पाहा. तट्‌कन तुटला ना? मग अशाच तंतूंच्या सुतळीनं शिवलेलं पन्नास किलो धान्याचं पोतं उसवत कसं नाही?

हाच प्रश्न मी आमच्या चौथीच्या वर्गात विचारला. लगेच उत्तरं आली. "बाई, सुतळीला डिंक लावत असतील!" "बाई, आत बारीक तार असेल!"

तेवढ्यात मागच्या रांगेतून हळूच आवाज आला, "बाई, ते पिळामुळं. आमचे आजोबा दावी वळतात." पाढे म्हणायची वेळ आली की खाली मान घालणारा हा मुलगा! मी त्याला पुढं बोलावलं. त्यानं सुतळीचे सुटे तंतू घेतले, त्यांचे दोन पेड केले, ते एका बाजूला पिळले आणि मग एकमेकांवर उलट्या बाजूला वळवले. बघता बघता हातभर दोरी तयार झाली. दोन मुलांनी दोन्हीकडून ओढली, पण ती तुटेना. त्या तासाला तोच आमचा गुरुजी होता.

यात जादू कसली? पीळ दिला की तंतू एकमेकांवर घट्ट दाबले जातात. दोरी ओढली की ते आणखी आवळतात, त्यामुळे एकेकटा तंतू निसटू शकत नाही. आणि उलटा पीळ कशाला? प्रत्येक पेड सुटायची धडपड करतो, पण त्याच धडपडीनं दोरीचा पीळ उलट घट्ट होतो. म्हणून दोरी आपोआप उलगडत नाही.

करून पाहायचंय? हातभर दोरा खिळ्याला बांधा. तो ताणून धरा आणि खूप पिळा. आता मध्यावर बोट ठेवा, दोन्ही टोकं जवळ आणा आणि बोट काढा. भर्रकन गोफ वळला जाईल!

ही युक्ती फार जुनी आहे बरं का. फ्रान्समध्ये आब्री द्यू मारास नावाच्या ठिकाणी एका दगडी हत्याराला दोरीचा इवलासा तुकडा चिकटलेला सापडला. जेमतेम ६ मिलिमीटर लांबीचा! तो निअँडरथल मानवानं वळलेला असून ४० हजार वर्षांहूनही जुना आहे, असं संशोधकांनी २०२० साली जाहीर केलं. त्यातही पेड एका बाजूला आणि दोरी उलट्या बाजूला पिळलेली होती. अगदी त्या आजोबांसारखी!

आता आजूबाजूला बघा. गवंडीकाका दोरीला वजन लावतात, की झाला ओळंबा. भिंत सरळ आहे का ते तो सांगतो. फुलवाल्या मावशी केळीच्या सोपाच्या दोऱ्यात गजरा गुंफतात. कुणी सुंभानं बाज विणतं, कुणी भोवऱ्याला जाळी गुंडाळतं. पोळ्याला बैलांना नवी वेसण, नवा कासरा लागतो. आणि दोरीच्या मल्लखांबावर तर मुली अंगाचा सगळा भार दोरीवर टाकून आसनं करतात!

दोरी गणितही शिकवते. गाठी मारून दोरीचे १२ सारखे भाग करा आणि टोकं जोडा. ३, ४ आणि ५ भागांच्या बाजू होतील असा त्रिकोण ताणा. ३ आणि ४ भागांच्या बाजूंमध्ये नेमका काटकोन मिळतो! कबड्डीचं मैदान आखताना वापरून पाहा.

पण मजबुती कुठं हवी, हेही कळायला हवं. नायलॉनचा मांजा सहजी तुटत नाही आणि कुजतही नाही. पतंग कटून गेला तरी तो झाडांवर, तारांवर लटकत राहतो. पाखरांचे पंख त्यानं कापले जातात, दुचाकीवरच्या माणसांचे गळेसुद्धा चिरले जातात. म्हणूनच राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली. पतंग जरूर उडवा, पण साध्या सुती दोऱ्यानं. पतंग कटला तर दुसरा आणता येतो. पाखराचा पंख कुठून आणणार?

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आपण हट्टी माणसाला म्हणतो. मला मात्र त्या म्हणीत दोरी वळणाऱ्यांची बारीक नजर दिसते. जळलेल्या दोरीच्या राखेतही पीळ दिसतो, हे त्यांनी आधी पाहिलं असणार, म्हण नंतर झाली.

आमच्या वर्गातला नकाशा आता त्या मुलानं वळलेल्या दोरीला टांगलाय. तुमच्या घरी, शेजारी कोण दोरी वळतं, बाज विणतं, गजरे करतं? त्यांच्याजवळ जरा बसा आणि त्यांचे हात कसे चालतात ते बघा. आणि हो, पुड्याची दोरी फेकू नका हं!