मागमूस न ठेवणारी खिडकी

चेन्नईच्या अशोकनगरात वाढलेले सुंदर पिचाई यांच्या देखरेखीखाली गूगलने 2008च्या सप्टेंबरात क्रोम ब्राउझर आणला. त्यात पहिल्या दिवसापासून इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी खिडकी होती. कल्पना तशी जुनी. ॲपलच्या सफारीत ही सोय 2005 सालीच आली होती. पण भारतात घराघरांत ती पोहोचली क्रोममुळे.

एरवी ब्राउझर पाहिलेल्या पानांची यादी, कुकीज आणि फॉर्ममध्ये भरलेला मजकूर साठवून ठेवतो. खासगी खिडकी ही नोंद ठेवत नाही. तिच्यातल्या कुकीज तेवढ्यापुरत्या असतात आणि शेवटची खासगी खिडकी बंद झाली की नाहीशा होतात. यातली खोच फार थोड्यांना ठाऊक असते. एका खासगी खिडकीत ईमेलचे खाते उघडा आणि दुसरी खासगी खिडकी काढा. तिथेही तेच खाते उघडलेले दिसेल. पहिली मिटली तरी दुसरी चालू असेपर्यंत खाते उघडेच! उतरवून घेतलेल्या फाइली आणि बुकमार्क तर नंतरही जागच्या जागी राहतात.

शिवाय पुसले जाते ते फक्त त्या यंत्रावरचे. संकेतस्थळाला आपला आयपी पत्ता दिसतोच आणि आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला कळू शकते. सायबर कॅफेला तर 2011च्या नियमांनुसार ग्राहकांनी पाहिलेल्या संकेतस्थळांची नोंद किमान एक वर्ष जपावी लागते.

हा फरक नीट सांगितला गेला नाही, हेच अमेरिकेत 2020 साली गूगलवर झालेल्या दाव्याचे मूळ. इन्कॉग्निटोत असतानाही आपली माहिती गोळा होते, अशी वापरकर्त्यांची तक्रार होती. 2024च्या तडजोडीत गूगलने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे किंवा त्यांतली ओळख काढून टाकण्याचे मान्य केले. हा फरक सांगणारी सूचना पहिल्याच दिवशी ठळक अक्षरांत हवी होती, असे मला मनापासून वाटते.

बाहेरून होणाऱ्या या पाळतीवर चेन्नईतूनच एक उत्तर आले आहे. तिथल्या झोहो कंपनीने 2023च्या मे महिन्यात उला हा ब्राउझर आणला. क्रोमच्याच क्रोमियम पायावर उभा असलेला हा ब्राउझर माग काढणाऱ्या ट्रॅकरना आपणहून अडवतो. 2025 साली केंद्र सरकारच्या स्वदेशी ब्राउझर स्पर्धेत त्याला 1 कोटी रुपयांचे पहिले बक्षीस मिळाले.

ब्राउझर कोणताही असो, दुसऱ्याच्या संगणकावर खाते उघडावे लागले तर काम संपताच आधी लॉगआउट करा, उतरवलेल्या फाइली पुसा आणि मग सगळ्या खासगी खिडक्या बंद करा.